गारांचा उतार

ट्रकचं मागचं अंग आडवं सरकलं तेव्हा माझी जाऊ माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. मी तिला घट्ट धरलं आणि फळीला पाय रोवले. खाली नाला होता. रस्ता गारांनी पांढरा झाला होता, जिनिंगच्या आवारात कापूस सांडतो तसा.

केबिनची मागची काच फुटलेली होती, म्हणून पुढचं सगळं ऐकू येत होतं.

"दादा, बिरेक मार!" दीर ओरडला.

"बिरेक मारा ते बठ्ठा नालामा जासूत. तोंड बंद ठेव."

माझ्या नवऱ्याने ब्रेकला पाय लावला नाही. ट्रक जिकडे घसरत होता तिकडेच त्याने चाकं वळवली, मग हळूच शेताकडे काढली. ट्रक बांधाच्या मातीत घुसला आणि थांबला. इंजिन बंद पडलं. ताडपत्रीखाली आम्ही दोघी शाबूत होतो.

बांगलादेशची लढाई झाली त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. जाऊ सकाळपासून अडली होती. सुईण म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, जळगावला न्या. नवरा एरंडोलच्या एका शेठचा ट्रक चालवायचा. मागितल्याबरोबर शेठने ट्रक दिला. गारा सुरू झाल्यावरही नवऱ्याने घाई केली नाही. पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने तो उतार उतरत होता. तरी घसरलाच.

बॅटरीत दम नव्हता. इंजिन हँडल मारूनच सुरू व्हायचं. ते लोखंडी हँडल केबिनमध्ये, त्या दिवशी सासरे बसले होते तिथेच पायाशी असायचं.

"आबा, हँडल कोठे शे?"

नवऱ्याने सासऱ्यांना विचारलं.

"फेकी दिधं."

"कोठे?"

"वरे, उतारना आधी. गारा थांबाले नको का?"

आमच्या घरी गारा आल्या की ते अंगणात लोखंड फेकत. कोयता, तवा, हाती येईल ते. ट्रकमध्ये हाताशी हँडल होतं, म्हणून खिडकीतून तेच फेकलं.

"मंग आते देवलेच सांगा गाडीले हँडल माराले!" दीर म्हणाला. त्याची बायको मागे मरत होती. बापाला तो एरवी असं कधी बोलला नव्हता.

ट्रकची पुढची चाकं बांधात रुतलेली, धक्का मारून उपयोग नव्हता. त्या गारांत दुसरी गाडी येणार कुठून? दोघे भाऊ चढावर जाऊन हँडलसाठी गारा उकरत बसले. मी माझं लुगडं फाडून जावेच्या खाली घालत होते, आणि ते रक्ताने भिजत होतं. सासरे केबिनमधून उतरलेच नाहीत.

गारा थोड्या वेळाने थांबल्या. वितळायला मात्र बराच वेळ गेला. हँडल सापडलं तेव्हा ते काटेरी झुडपात उघडं पडलेलं दिसत होतं. मग इंजिन सुरू झालं आणि नवऱ्याने ट्रक मागे घेऊन बांधातून काढला.

सासऱ्यांना घरात कोणी काही बोललं नाही. गारा थांबल्याच होत्या ना, एवढंच ते पुढे सांगत राहिले.

बाळंतपण दवाखान्यात झालं. जाऊ त्याच संध्याकाळी गेली. मुलगी जगली.