भोकाचे पाच पैसे

नवऱ्याच्या बोटीला मी विष घातलं. तेही दसऱ्याच्या मुहूर्तावर, हळद-कुंकू वाहून.

निवृत्तीनंतर ह्यांनी रे रोडला एक जुनी, छोटी शिडाची बोट घेतली. ती कलंडू नये म्हणून तळाखाली बिडाचं भलंमोठं वजन, आणि ते धरून ठेवायला आतून पाच लोखंडी बोल्ट. साठीच्या त्या बाईला, म्हणजे मला, अक्कल उतू जात होती. सासूबाईंच्या डबीतले तांब्याचे भोकाचे पैसे काढले, गुपचूप तळाची फळी उचलली आणि एकेका बोल्टला तांब्याच्या तारेने करकचून आवळले. दृष्ट लागायला नको. बोल्टांभोवती समुद्राचं पाणी साचलेलं. म्हटलं, वा, तीर्थच आहे.

दोन वर्षांनी एका रविवारी हे न्याहारीची पिशवी घरीच विसरून गेले. मी प्रभादेवीहून टॅक्सी करून धक्क्यावर पोचले, तर बोट केव्हाच निघालेली. तिथे एक मिस्त्री दुसऱ्या बोटीचा, गंजून काडीसारखा झालेला बोल्ट घासत बसला होता. मी उगाच विचारलं, कशाने झालं हे?

"तांब्याने, काकी. खाऱ्या पाण्यात तांबं टेकलं की लोखंड मेलं. खालचं वजन सुटतं आणि बोट उलटी."

ह्यांना फोन लावला, तर तो माझ्याच हातातल्या पिशवीत, पोळ्यांखाली वाजला.

मिस्त्रीला सगळं सांगितलं. त्याने दोन होडीवाल्यांना ह्यांना शोधून आणायला पिटाळलं. त्यानंतर मी नुसती उभी. बाराला येणारा माणूस दोन वाजले तरी नाही. ह्यांचा एक गुडघा बदललेला. पाण्यात पडले तर कितीसे पोहतील? लांबचं प्रत्येक शीड ह्यांचं वाटे, जवळ आलं की दुसऱ्या कुणाचं तरी निघे. देवाचा धावा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. देवाच्या नावाने मी काय काय करते ते आत्ताच कळलं होतं.

तीनला आले. वारा पडला होता म्हणे. मी काही बोलायच्या आत मिस्त्री बोटीत उतरला, फळी उचलली, पाना लावला. पहिल्या बोल्टचं डोकं पैशासकट हातात आलं. दुसऱ्याचंही. तिसऱ्याला त्याने हातच लावला नाही.

मी रडत कबुली दिली. ह्यांनी तो हिरवा पडलेला पैसा उचलून तळहातावर घेतला. मग हळूच म्हणाले, "पहिल्याच रविवारी दिसले होते मला. म्हटलं, बोटीकडे तू बघतेयस ना. तेव्हापासून मी फळी उचललीच नाही."