तीस पाशिंजरांची गाडी

पहिला पत्ता उलटण्याआधी काका माझ्या काउंटरवर दोनदा टकटक करायचे आणि समोरच्या पत्त्यांना विचारायचे, "सगळे बसले मां? कोण ऱ्हवलो नाय मां?"

तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्त झाला तरी हात घंटीची दोरी शोधायचा. आमच्या मिठबावात असा दुसरा मिळायचा नाही. तुमच्याकडे असेल तर सांभाळून राहा, असली माणसं आधी डोक्याला ताप देतात आणि मग डोक्यातून जात नाहीत.

माझं झेरॉक्सचं आणि अर्ज टाइप करण्याचं दुकान. काका पहिल्यांदा आले ते अर्जासाठीच. त्यांचा एकुलता एक झील मालवाहू बोटीवर कामाला होता. परमुलखातल्या कुठल्याशा बंदरात ती बोट अडकली, मालक हात झटकून गायब झाला, आणि खलाशांना बोट सोडून उतरायची परवानगी नाही. महिन्यामागून महिने गेले. काकांनी मुंबईला अर्ज केले, दिल्लीला केले, वकिलातीला केले. सगळे मी टाइप केले. ‘माननीय महोदय’ लिहून माझी बोटं झिजली. एकच उत्तर आलं, ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे.’ तो संबंधित विभाग मला एकदा भेटू दे नुसता!

आठवड्यातून एकदा झिलाचा फोन यायचा, पाच-सात मिनिटं. एकदा तो म्हणाला, "बाबा, सारखो दारात बसान ऱ्हवू नको. माझ्या कपाटात पत्त्यांचो खोको आसा, तो काढ आणि खेळ."

खोका घेऊन काका थेट दुकानात. जन्मात रमीसुद्धा न खेळलेला माणूस! आत जादूगार, राक्षस, हाडांचे सैनिक, शेकड्यांनी पत्ते, आणि सगळं इंग्रजीत. "गो बाय, ह्यां माका मराठीत करून दी." मी कपाळाला हात लावला. पण केलं. एकेका पत्त्याचा मजकूर बारीक अक्षरांत छापून प्लास्टिकच्या पाकिटात पत्त्यासोबत सरकवला.

या खेळात माणसं एकमेकांशी लढत नाहीत, सगळे मिळून काळोखाशी लढतात. काळोखाची स्वतःची गड्डी असते, तिच्यातून दर खेपेला एक संकट निघतं, आणि ती संपेपर्यंत आपलं कोणी उभं राहिलं तर आपण जिंकलो. चौघांनी खेळायचं, पण एकट्यालाही खेळता येतं. त्यासाठी शेकडो पत्त्यांतून तीस जण निवडून आपला डेक बांधायचा. काका डेकला गाडी म्हणायचे आणि पत्त्यांना पाशिंजर.

गाडीत कोणाला घ्यायचं याचा त्यांचा नियम एकच होता. जो माणसाला घरी पोचवतो तोच चढणार. नावाडी, वाटाड्या, वैद्य, पूल बांधणारा, कंदीलवाली म्हातारी, एक तट्टू. तलवारवाला एकही नाही. मी मोबाईलवर शोधलं, तर जगभरचे खेळणारे सांगत होते की दहा तरी लढवय्ये घ्या. मी एक राक्षसमाऱ्या काढून त्यांच्यापुढे धरला.

"काकानू, ह्यो एकटो अर्धो काळोख कापता. घेवा ह्येका."

त्यांनी पत्ता चष्म्याजवळ नेला. "ह्यो कोणाक घराक पोचयता?"

"पोचवत नाय. पण मारता."

"मगे उतरव त्येका. हरलो तरी चलात, पण चुकीचो माणूस घेवचो नाय."

आणि हरायचे. रोज. हाडांचे सैनिक म्हातारीला उचलून न्यायचे आणि हा माणूस खरोखर हळहळायचा, "एकटीक पुढे कित्याक धाडलंय मी?" गिऱ्हाइकं हसायची. मी चिडायचे. काका म्हणजे अगदी दगडाला पाझर फुटेल पण यांना अक्कल फुटणार नाही, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. ते "बरां" म्हणाले आणि परत डाव मांडला.

एक दिवस ते आंघोळ करून, कपाळाला टिळा लावून आले. घरी काकूंनी जेवण जवळजवळ सोडलं होतं, पेजेच्या पाण्यावर दिवस काढत होत्या. काका म्हणाले, "आज कौल घेतंय."

देवळातला कौल आपल्याला ठाऊक आहे. गाऱ्हाणं घालायचं, देवाला लावलेल्या कळ्या उजव्या बाजूने पडल्या की देव हो म्हणाला. पण विचारणारा स्वतः कळ्या लावत नाही, ते काम गुरवाचं. म्हणून काकांनी दोन्ही गड्ड्या माझ्यापुढे ठेवल्या. "मी इचारतंय, तू पिस. जिंकलंय तर झील घराक येतलो."

ही गाडी कधी जिंकली नव्हती, आज कशी जिंकणार? आणि हरली तर हा माणूस घरी जाऊन काय सांगणार? मी मशीन बंद करायचं निमित्त करून गड्ड्या घेऊन मागे गेले आणि पत्ते लावले. वैद्य, नावाडी वर. काळोखातले मोठे राक्षस पार तळाला, म्हणजे ते येईपर्यंत गाडी भरलेली असेल.

काका जिंकले. हात जोडून उभे राहिले, आणि चप्पल न घालता घराकडे सुटले. त्या दिवशी काकूंनी बांगड्याचा तिकला केला, झणझणीत कालवण. मला तर मीच बोट ओढून आणल्यासारखं वाटलं.

महिना गेला. बोट तिथेच. काका अर्जाला यायचे, पण खोका आणेनात. मी विचारलं, "खेळनत नाय आता?"

"कौल मिळालो मां. एकदा मिळालेलो कौल परत इचारूचो नसता."

मला राहवलं नाही. रडत सगळं सांगून टाकलं. काकांनी टाइप केलेला अर्ज घडी करून खिशात ठेवला.

"माका तेवाच म्हायत होता. तेहतीस वर्सां गर्दी बघितलंय, बाय. पाशिंजर असे वळीन चढनत नाय."

"मगे बोललात कित्याक नाय?"

"तुझी काकू जेयली मां. दोनदा भात घेतल्यान." मग चष्मा पुसत म्हणाले, "तू चुकलंस गो. आता परत इचारूक येयत नाय. कौल खोटो होतो, असां तिका खंयच्या तोंडान सांगू?"

अर्जांना उत्तर नव्हतं. रोज डाव मांडून विचारायला एवढी एकच जागा त्यांना होती, आणि ती मी, त्यांचं भलं करायला गेलेल्या शहाणीने, बंद करून टाकली होती. माफी मागून काय होणार होतं?

पावसाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. कुडाळला नेत होते, वाटेतच गेले. बोट सुटली ती त्यानंतर दोन महिन्यांनी. कोणाच्या अर्जाने, देव जाणे.

झील आला तो पार वाळून, काळवंडून. बापाचं राहून गेलेलं सुतक पाळत तेरा दिवस घरी राहिला आणि चौदाव्या दिवशी खोका घेऊन माझ्या दुकानात.

"ताई, ह्यो डेक जिंकणारोच न्हय. बाबांनी फोनवर यादी सांगितल्यानी, तेवाच मी बोटीर कागदावर मांडून बघितलंय. जिंकलंय म्हणाले तेवा मी गप ऱ्हवलंय. कोणी केलां ह्यां?"

"मी."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने पत्ते माझ्याकडे सरकवले. "पिसा. नीट पिसा."

मी दोन्ही गड्ड्या त्याच्यासमोर पिसल्या, सात वेळा, आठ वेळा. तो बापाच्या पत्त्यांनी खेळला, काळोखाचे पत्ते मी उलटत गेले. झेरॉक्सला आलेली दोन माणसं कंटाळून निघून गेली. काळोखाची गड्डी संपली तेव्हा आमच्या बाजूला अजून चौघे उभे होते. मी पुन्हा मोजलं. चौघे. खरोखरीच जिंकलो होतो, कोणी काही न लावता.

"आईक सांग जा," मी म्हटलं.

"आईक काय सांगू? तिच्या लेखी बाबा तेवाच जिंकले, म्हणान मी इलंय." पत्त्यांवरून हात फिरवत तो म्हणाला, "ताई, ह्यां आता कोणाक सांगू?"