तीनची सुट्टी

नववीत शाळा सुटलेल्या बाईला पुण्यातल्या जनसंपर्क कंपनीत कोण घेणार? आमच्या मॅडमनी घेतलं. काम कात्रणांचं. पहाटेच बिबवेवाडीच्या ऑफिसात जायचं, गठ्ठाभर पेपर चाळायचे, ग्राहक कंपन्यांच्या बातम्या कापून चिकटवायच्या आणि नऊच्या आत फायली रवाना करायच्या. बदल्यात तीनला सुट्टी. नवरा चाकणला दुसऱ्या पाळीत. मुलीला शाळेत तो सोडायचा, पण चारला धायरीच्या शाळेतून आणणार कोण? आपलं म्हणावं असं माणूस यवतमाळकडे.

एकदा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीची पत्रकार परिषद होती. मदतीला मलाही नेलं होतं. वेळ बाराची. त्यांचे साहेबच वाहतुकीत अडकले, सुरू व्हायला दोन वाजले. अडीचला आमच्यातला एक सहकारी उठला. "मुलीचं गॅदरिंग आहे, निघतो."

मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "बघा, बाप असावा तर असा!"

तीनला मी मॅडमकडे गेले. "मॅडम, निघू?"

"अहो ताई, तुमचं रोजचंच आहे. पत्रकारांना किट कोण देणार?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझाही मुलगा घरी तापाने फणफणलाय. मी थांबलेय ना?"

शाळेत फोन केला आणि थांबले. माहितीचे कागद, पेन, डायरी असे ते किट हसून वाटले. हसणं कामातच धरलेलं असतं.

धायरीला पोचेतो सहा वाजून गेले. फाटकाशी शिपाईमावशी माझ्या मुलीला घेऊन बसली होती. "आलात? मला वाटलं, आम्हालाच दत्तक दिलीत."

मुलगी रडली नव्हती. दप्तर पाठीला तसंच, नुसती बघत होती. रडली असती तर बरं झालं असतं, बाई.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मधे साहेब, कडेला किटचा गठ्ठा धरलेली मी. आमचा नियम असा, की ग्राहकाचं तेवढं ठेवायचं. पट्टी लावली, ब्लेड ओढलं, स्वतःला कचऱ्यात टाकलं.

मॅडम आल्या. डोळे तांबारलेले, रात्रभर पोराजवळ बसलेल्या. "काल छान सांभाळलंत. बुधवारीही थांबाल ना?"

'नाही' हा शब्द मी पहाटे बसमध्ये घोकून आले होते.

"थांबते," म्हणाले. वर "थँक्यू मॅडम"ही म्हणाले. कशाबद्दल, ते अजून कळलेलं नाही.