शून्य मिनिटांत चार रिबाउंड

स्पेनमधल्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा एक खेळाडू मी घडवला. त्याला न भेटता, न बघता, तोक्योतल्या तोयोसूच्या ऑफिसात खिडकीपासून सगळ्यांत लांबच्या टेबलावर बसून. हा पठ्ठ्या बाकावरून उठायचासुद्धा नाही आणि तरी जवळजवळ दर सामन्यात तीन-चार रिबाउंड, म्हणजे नेम चुकून उसळलेले चेंडू, घ्यायचा. हसू नका. मी आयुष्यात डोंगराएवढ्या थापा मारल्या आहेत, पण ही गोष्ट खरी आहे. आणि हिनंच माझा घात केला.

त्या वर्षांत तोक्योत आपली माणसं इतकी झाली होती की, हिगाशी-कसाईजवळच्या नदीत जाळं टाकलं असतं तर तीन मासे आणि सात पुणेकर प्रोग्रॅमर लागले असते. त्या सातांतला मी एक. कंत्राट मार्चअखेरपर्यंत. एप्रिलमध्ये मुलगी पहिलीत जाणार होती, घरासमोरच्याच शाळेत. इथल्या मुलांचं ते कडक पाठीचं लाल दप्तर आम्ही दिवाळीतच आणून ठेवलं होतं. ती ते पाठीला लावून जेवायची. बायको म्हणायची, "अरे, आधी कंत्राट वाढू दे, मग आणायचं ना!" मी म्हणायचो, "माझ्यावाचून ऑफिसची लिफ्टसुद्धा वर जात नाही."

काम साधं होतं. परदेशातल्या सामन्यांचे आकडे लोकांच्या मोबाइलवर दाखवायचे. सोमवारी सकाळी स्पेनहून तक्ता यायचा: प्रत्येक खेळाडूचं नाव, किती मिनिटं खेळला, किती गुण, किती रिबाउंड, किती फाउल, आणि खाली संघाची बेरीज. ऑक्टोबरात चाचणीच्या पहिल्याच तक्त्यात बेरीज जुळेना. खेळाडूंचे रिबाउंड एकोणतीस आणि संघाचे तेहेतीस! सगळ्या नावांच्या खाली एक बिननावाची ओळ होती, तिच्यात हे चार पडलेले.

पुढं कधीतरी कळलं, की नेम चुकून चेंडू कुणाच्याच हातात न येता रेषेबाहेर गेला, तर तो रिबाउंड संघाच्या नावावर लिहितात. माणसाच्या नाही. पण तेव्हा हे मला कुठलं ठाऊक? मी 'ताळा करून पाहा' ऐकत वाढलेला माणूस. ताळा जुळला नाही तर मास्तरांनी पाठ सोलली असती. त्यातून आमचा प्रोग्रॅम बिननावाची ओळ घेईना, आणि दुपारी ग्राहक कंपनीचे लोक बघायला येणार. विचारलं असतं तर आमचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, कंपनीला विचारणार, कंपनी स्पेनला विचारणार, आणि स्पेन अजून झोपलेलं. मी प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालून ते बिननावाचे रिबाउंड यादीतल्या शेवटच्या, कायम बाकावरच बसणाऱ्या खेळाडूला देऊन टाकले. ताळा जुळला. मंडळी खूश होऊन गेली. आणि मी कोडमध्ये, त्या ओळीशेजारी, तारीख घालून रोमन अक्षरांत मराठी शेरा मारला: 'ताळा जुळत नव्हता, शेवटच्याला देऊन टाकले. कोणाला कळतंय!'

इथल्या ऑफिसांत एक रीत आहे. काही बिघडलं तर त्याच दिवशी सांगायचं. सांगणाऱ्याला कुणी खात नाही, लपवणारा संपतो. तीन वर्षांत ही रीत मला पाठ झाली होती. खरा प्रकार कळला तेव्हा मी सांगायलाही निघालो होतो, पण चालतंय तर हात कशाला लावा, म्हणून अर्ध्या वाटेतून कॉफी घेऊन परत आलो.

संक्रांतीला इमारतीच्या हॉलमध्ये बायकांचं हळदीकुंकू चाललं होतं. कोपऱ्यात तिळगूळ फोडत बसलेल्या नवऱ्यांना मी माझ्या खेळाडूची गोष्ट सांगितली. त्याचे हात इतके लांब, की बाकावर बसून पाणी पिता पिता रिबाउंड घेतो!

"बास कर रे! मागच्या वर्षी तू बुलेट ट्रेन ढकलून सुरू केली होतीस."

"आईशप्पथ, तक्त्यात आहे."

माझी मुलगी मांडीवर होती. ती नेहमीसारखं म्हणाली, "बाबा, उसो!" उसो म्हणजे खोटं. माझ्या प्रत्येक गोष्टीला तिचा हा शिक्का. सगळे खिदळले. मी सगळ्यांत जास्त.

फेब्रुवारीत ग्राहक कंपनीकडे एक पत्र आलं. होक्काइदोचे कुणी निवृत्त व्यायामशिक्षक. सुंदर हस्ताक्षरात त्यांनी नम्रपणे विचारलं होतं, की आपण जन्मभर मुलांना बास्केटबॉल शिकवला, पण शून्य मिनिटं खेळून चार रिबाउंड घेण्याचं तंत्र आपल्याला अवगत नाही, ते कृपया कळवावं.

काचो ग्राहक कंपनीत मिठाईचा खोका नेऊन माफी मागून आले. मग मला बैठकीच्या खोलीत बोलावलं. कोडचा कागद समोर, शेऱ्याखाली पेन्सिलची रेघ. माझ्या आडनावाला आदराचं 'सान' लावून शांतपणे म्हणाले, "हे तुमच्या भाषेत आहे. काय लिहिलंय, सांगाल का?"

त्या मजल्यावर मराठी कळणारा मी एकटा. एवढी सोपी थाप मला आयुष्यात कुणी मारायला दिली नव्हती.

"लिहिलंय, 'हे नंतर तपासायचं आहे.'"

त्यांनी ते वहीत नीट उतरवून घेतलं. मग पेन्सिल शेऱ्याच्या टोकाकडे सरकवली. तिथं तारीख होती. आकड्यांत. आकड्यांना भाषांतर लागत नाही.

"म्हणजे ऑक्टोबरात तुम्हाला माहीत होतं, की तपासायला हवं."

"हो."

"मला सांगितलं नाहीत."

ते ओरडले असते तर चार शब्द माझेही निघाले असते. त्यांनी वही मिटली, खुर्ची आत सरकवली आणि उठताना किंचित वाकले. तिथंच माझा एप्रिल संपला.

मुदतवाढ मिळाली नाही. पत्र दोन ओळींचं होतं, कारण लिहिलेलं नव्हतं. चार-पाच ठिकाणी विचारून पाहिलं. सगळीकडे आधी काचोंना फोन जायचा.

बायकोनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "म्हणजे ती संक्रांतीची गोष्ट खरी होती?"

"खरी होती."

"कधी नव्हे ते खरं बोललास, तेही तिळगुळावर." तिनं बॅग खाली ओढली आणि स्वेटर भरायला घेतले.

मुलीला मी सांगायचं ठरलं. ती खिडकीशी उभी राहून समोरची शाळा बघत होती, दप्तर पाठीवर. मी खाली बसलो. म्हटलं, "आपण पुण्याला परत जातोय, बाळा. या शाळेत नाही जायचं."

ती वळली. माझ्या तोंडाकडे बघून तिचे डोळे चमकले.

"उसो!" म्हणाली, आणि मी हसण्याची वाट बघत उभी राहिली.