दत्तूला ऐकू आलेली हाक

लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यात सायन्सला. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की उठून जाणारा मी. पण हे माझ्यासमोरच घडलं...

साल १९९८, डिसेंबर. मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला, लहानपणापासून बोलताना अडखळणारा, पोहता न येणारा. माझा वर्गमित्र दत्तू कुरुंदवाडचा, कृष्णेत वाढलेला. त्याच्या चुलतभावाच्या लग्नाला आम्ही कोकणात गेलो होतो. दुपारी मोकळे होतो म्हणून टेकडी उतरून समुद्रावर गेलो. लहानसा किनारा, दोन्ही बाजूंना काळे खडक. पाटी नाही, राखणदार नाही, माणूसच नाही.

लाटा जोरात फुटत होत्या. फक्त मधला एक पट्टा शांत होता. दत्तू म्हणाला, "ह्यो बघ, कसा निवांत हाय. हितनंच जातो."

"नको रे. खोल असेल."

"कृष्णेच्या पुरात उड्या मारल्यात की मी! तू कडंला बस, कापडं राख."

नदीत शांत पाणी म्हणजे बिनधोक, हा त्याचा हिशेब. पण तो आत गेला आणि जातच राहिला... मग वळून जीव तोडून हात मारू लागला. तोंड किनाऱ्याकडे, आणि तरी मागेमागेच जात होता.

मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. खरंच सांगतो, एक शब्दही नाही. त्याचं डोकं लाटेआड जायचं, दिसायचं... मग खडकापलीकडे गेलं ते दिसलंच नाही. त्याचे कपडे उराशी धरून मी वाळूत बसलो. त्याच्या आईला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

बऱ्याच वेळानं तो खडकांवरून लंगडत आला. गुडघे फुटलेले. आल्या आल्या मला मिठी मारून रडला.

"लेका, तू वरडला नसतास तर मेलो असतो."

"मी नाही ओरडलो, दत्तू."

"गप ए! 'दत्तू, काठाकडं नको, आडवा पव' म्हणालास की. तसंच अडखळत. तुझा आवाज मला कळंना व्हय?"

लाटांमधल्या शांत पट्ट्यातच पाणी आत खेचत असतं, आणि त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याला समांतर पोहून तिच्यातून बाहेर पडायचं असतं, हे मी पुढे दोन-तीन वर्षांनी एका मोठ्या किनाऱ्यावरच्या फलकावर वाचलं. त्या दिवशी मला ते माहीतच नव्हतं. आणि लाटांच्या त्या आवाजात माझी हाक तिथवर पोचलीही नसती.

दत्तूनं गावभर सांगितलं, ह्यानं मला वाचवलं. मी कितीही नाही म्हटलं तरी ऐकत नाही. कुरुंदवाडला गेलो की त्याची आई माझं ताट आधी वाढते. एकदा न राहवून मी तिला सगळं सांगितलं. वाढता वाढता तिनं विचारलं,

"मग कोण हुतं रं, बाळा?"

आणि तरीही तिनं माझंच ताट आधी वाढलं.