झाकणाच्या आतली खूण

विनूकाका कोणतंही चित्र आधी मागून बघत. चित्रकार शेजारी उभा असला, दोन चांगले शब्द कानावर पडतील या आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत असला, तरी काका त्याचं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि कॅनव्हासच्या पाठीला नाक लावत. मग उजवा तळवा तिथे टेकवून, डोळे मिटून, चांगले वीस श्वास थांबत. एका नावाजलेल्या चित्रकाराने एकदा वैतागून म्हटलं, "काका, पुढूनही काढलंय हं मी." काका म्हणाले, "पुढून तुम्ही बघितलंय ना? मग झालं."

आमची गॅलरी म्हणजे अलकापुरीत पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्या, आमचे शेठ आणि मी. काका नागरवाड्यातून सायकलवर येत आणि बाहेरगावी जाणाऱ्या चित्रांसाठी लाकडी पेट्या करत. घरी भेटले तर मला नुसतं माधवी म्हणत, गॅलरीत मात्र माधवीबेन. चित्र ते आतल्या चौकटीत असं अडकवत, की रंगाला कशाचाही स्पर्श होऊ नये. सगळं मनासारखं झालं की झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने 'वि' लिहून त्याभोवती गोल काढत आणि मगच स्क्रू पिळत. ती खूण बघणारं कोणी नसे. मी एकदा हसले तर म्हणाले, "मी बघतो ना."

या सगळ्याचं मूळ मकरपुऱ्यात होतं. तिथल्या एका ओतकामाच्या कारखान्यात ते लाकडी साचे करायचे. तापलेला धातू ज्या वाळूत ओततात तिच्यात ओल राहिली तर वाफ कोंडते आणि धातू उसळतो. एका सकाळी त्यांच्या हाताला वाळू ओली लागली. त्यांनी साहेबांना सांगितलं, साहेबांनी हात झटकला, काका गप्प बसले. शेजारी उभ्या असलेल्या मित्राचे दोन्ही डोळे गेले. काकांच्या मनगटावर चकचकीत कातडीचा एक पट्टा राहिला. "तेव्हा एकदाच सांगितलं," चहा पिताना ते म्हणाले, "तेव्हापासून दोनदा सांगतो. तिसऱ्यांदा नाही सांगत. ऐकायचं असेल तो दोनदात ऐकतो." मी बिस्किटांची बशी पुढे केली.

हेतल तेव्हा नुकती कॉलेजातून बाहेर पडली होती. दिल्लीच्या आर्ट फेअरमध्ये तिचं पहिलंच चित्र जाणार होतं. दोन वर्षं ती आमच्या मगरींच्या नदीचं, विश्वामित्रीचं पाणी रंगवत होती. मगर कुठे दाखवलेली नव्हती, नुसतं काळपट हिरवं, जाड पाणी. पण समोर उभं राहिलं की पाय आपोआप मागे यायचा. जाण्याच्या आठवड्यापर्यंत तिचा हात चालूच होता.

काकांनी ते उलटं केलं, हात टेकवला. वीस श्वास झाले तरी उचलला नाही.

"हे ओलं आहे. हे जाणार नाही."

"काका, दुपारी ट्रक येतोय. बोट लावून बघा, सुकलंय," मी म्हणाले.

"वर साय धरलीये. खाली ओलंच आहे." मग त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "माधवीबेन, घाई ट्रकला आहे. रंगाला नाही. हे नका पाठवू."

दोनदा झालं होतं. मी मोजलं नाही. त्यांनी पेचकस टेबलावर ठेवला आणि ते जिना उतरले. जाताना सगळ्यांना 'आवजो' म्हणायची त्यांची सवय. त्या दिवशी म्हणाले नाहीत.

मी चित्राला बबल रॅप गुंडाळला, तोही फुगे रंगाकडे करून, आणि पेटीचे स्क्रू स्वतः पिळले. काम नीटनेटकं झालं म्हणून जराशी खूशही झाले.

दिल्लीला पेटी उघडली तेव्हा प्लॅस्टिक निघताना चरचर आवाज झाला. सगळ्या नदीवर गोल गोल खळगे पडले होते, देवी आलेल्या माणसाच्या तोंडावर असतात तसे. हेतल रडली नाही. एका खळग्यात तिने करंगळीचं टोक ठेवून बघितलं. शेठनी विचारलं, "आ पॅकिंग कोणे कर्युं?"

मी म्हणाले, "विनूकाकांनी."

इतकं सहज आलं तोंडातून, की मला स्वतःचीच भीती वाटली.

शेठनी तिथूनच काकांना फोन केला आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. काकांनी फक्त "बरं" म्हटलं. आम्ही परतल्यावर ते हत्यारं न्यायला आले. मी वाट बघत होते की आता बोलतील. ते म्हणाले, "पाण्यावर फुगे उमटले असतील." मी मान हलवली. "पोरीला सांग, खरवडू नकोस म्हणावं. वर्षभर तसंच राहू दे." दारापर्यंत गेले आणि थांबले. "पोरीला सांग, माधवी."

गॅलरीत त्यांनी मला पहिल्यांदाच नुसत्या नावाने हाक मारली. दुसऱ्यांदा सांगितलं ते खरवडण्याबद्दल नव्हतं, हे मला कळलं होतं. मी खरं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत तीन वर्षं गेली आणि काकाच गेले. भेटायला गेले तर काकू म्हणाल्या, "तुझं फार कौतुक होतं त्यांना." मी चहाचा कप तसाच ठेवून उठले.

पुढच्या महिन्यात पुन्हा आर्ट फेअर आहे. हेतलचं आता नाव झालंय. काल ती नवं चित्र घेऊन आली, आणि जुन्या पेट्या वापरता येतील का ते बघायला आम्ही मागची खोली उघडली. एकेक झाकण उलटं करत होतो. प्रत्येकावर वर्तुळात 'वि'.

"काका दरेक पर सही करता?"

"पास झालेल्या पेटीवर," मी म्हणाले, आणि तेवढ्यात तिने शेवटचं, लांब झाकण उलटलं. तिच्याच नदीची पेटी. लाकूड कोरं होतं. तिने ते उजेडाकडे तिरकं धरून पाहिलं.

"आमां नथी."

"ते दोनदा नको म्हणाले होते," मी म्हणाले. "ही पेटी मी बंद केली. तुला खोटं सांगितलं."

हेतलने झाकण खाली ठेवलं. तिने नवं चित्र भिंतीकडे वळवलं, त्याच्या पाठीवर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. मला मदत करावीशी वाटली, म्हणून मी चौकट धरायला पुढे झाले.

"तमे हाथ ना लगाडशो," ती डोळे न उघडता म्हणाली.

मी हात मागे घेतला.