पाचव्या दिवशी सोडलेलं आसन

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहाला बसताना माझ्या मनात भक्ती कमी आणि वैताग जास्त होता, हे आधीच कबूल करतो. वैतागाचं कारण एक मांजर. मे महिन्यात माझी मुलगी सई हिने ती घरी आणली. इथे अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत रस्त्यावरच्या मांजरांना सांभाळणाऱ्या लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावरून. "ओन्ली टू वीक्स, बाबा. जस्ट फॉस्टरिंग." म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत नुसतं सांभाळायचं. वाळूच्या रंगाची, एका कानाचं टोक कापलेली, हाडं मोजता येतील अशी. नाव बिस्किट.

दोन आठवड्यांनी रक्ताची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, फेलाइन ल्युकेमिया. माणसाला होत नाही, पण लाळेतून एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो. औषधाने बरा होत नाही. नीट जपलं तर एखादं वर्ष, कदाचित दोन. ज्यांच्या घरी आधीच मांजर आहे ते हिला घेऊ शकत नाहीत, आणि मांजरांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी आधीच मांजर असतं. ग्रुपवर रोज लोक हात जोडलेली चित्रं पाठवायचे, "गॉड ब्लेस यू अंकल" म्हणायचे. घ्यायला एकही आला नाही. दोन आठवड्यांचे सात महिने झाले. गोळी दिली की ती शिताफीने गालात धरून ठेवायची आणि मी पाठ वळवली की माझ्या ऑफिसच्या बुटात थुंकायची. बायको सुनीता म्हणायची, "दत्ताच्या पायाशी कुत्री असतात. तुमच्याच नशिबी मांजर कसं आलं?"

माझं पारायण मात्र वीस वर्षांत चुकलेलं नव्हतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आई तालुक्याजवळच्या आमच्या गावी शाळेत खिचडी शिजवायची. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिनेच मला पहिल्यांदा पोथीसमोर बसवलं. म्हणाली, "एकच नियम लक्षात ठेव. त्या दिवसाचं वाचन संपेपर्यंत आसन सोडायचं नाही. काही होवो." मी पास झालो, नोकरी लागली, पुढे अबुधाबीचा व्हिसा आला. जे काही मिळालं ते त्या आसनावर मिळालं, अशी माझी समजूत. ताप असताना बसलो आहे, पाठीत उसण भरलेली असताना बसलो आहे. उठलो कधीच नाही.

गेल्या वर्षी हातात पाणी घेऊन संकल्प केला तो असा: या मांजरीला लवकर दुसरं घर मिळू दे आणि आमची सुटका होऊ दे. मग पाणी सोडलं आणि वाचायला बसलो. बिस्किटला ते वाचन फार आवडलं असावं. पहिल्या दिवशी ती उडी मारून थेट मांडीवर येऊन बसली. आसन सोडायचं नव्हतं, म्हणून वाचन संपल्यावर मला पुन्हा अंघोळ करावी लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने पोथीवर पंजा ठेवला. पारायणात अवांतर बोलायचं नाही, म्हणून मी नुसता डोळे वटारून सईकडे पाहत होतो, आणि ती तोंडावर हात ठेवून हसत होती. चौथ्या दिवशी मांजर आलीच नाही. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आज आठवलं तरी लाज वाटते.

पाचवा दिवस शनिवारचा. सकाळचं वाचन निम्मं झालं होतं. सई धावत आली. "बाबा, समथिंग इज राँग. हर गम्स आर व्हाइट." मी हाताने 'थांब' अशी खूण केली आणि बोटाने उरलेली पानं दाखवली. "बाबा, प्लीज गेट अप!" मी वाचत राहिलो. शब्द तोंडातून निघत होते, पण मी चिडलो होतो. सईवर, मांजरीवर, आणि खोटं कशाला बोलू, देवावरही. हाच दिवस मिळाला का? तेवढ्यात बिस्किट स्वतःच आली. रोज उडी मारणारी ती मांजर भिंतीला घासत, दोनदा बसत, चालत आली आणि माझ्या आसनाच्या कडेला डोकं टेकून पडली. मांडीवर चढायचं बळ तिच्यात नव्हतं.

मी पोथीकडे पाहिलं. मग सुनीताकडे. ती वैतागलेल्या सुरातच म्हणाली, "बघता काय? जा! दिवा मी सांभाळते."

मी उठलो. वीस वर्षांत पहिल्यांदा.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की तिच्या अंगात रक्त फारच कमी उरलं आहे. दुसऱ्या मांजराचं रक्त चढवलं तर निभावेल, पण ते मांजर धट्टंकट्टं, तपासलेलं हवं. त्यांच्या यादीतल्या दोन मांजरांपैकी एक परदेशी गेलेलं, दुसरं आजारी. "ट्राय युअर ग्रुप," म्हणाले. सईने ग्रुपवर लिहिलं. हात जोडलेली चित्रं आली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. काय करावं सुचेना, म्हणून अर्धवट राहिलेला अध्याय पाठ होता तो पुटपुटू लागलो. अंगावर सोवळ्याचा पंचा, त्यावर घाईत घातलेलं जॅकेट. लोक बघत होते.

"भाऊ, तुमी आमच्याकडचे काय?" शेजारून आवाज आला. दाढीवाले एक गृहस्थ, मांडीवर पिंजरा, पिंजऱ्यात उशीएवढा पांढराशुभ्र बोका. "आमच्या गावात दत्ताचा देऊळ हाय. तिथं असाच वाचतात. लहानपणी ओट्यावर बसून ऐकायचो." हे हनीफभाई, मूळचे रत्नागिरीकडचे, इथल्या मुसाफा या कारखान्यांच्या भागात स्पेअर पार्टचं दुकान. बोक्याला गावी न्यायचं म्हणून त्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, आणि आता त्याला शेवटचं एकदा दाखवून कागद तेवढे न्यायचे होते. "गुरुवारीच येनार होतो. गाडी बंद पडली. दोन दिवस बेगमच्या शिव्या खातोय."

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. मागितलं काहीच नाही, तेवढं धाडसच नव्हतं. त्यांनी पिंजऱ्यात बघितलं. "सुलतान, ऐकलंस? पाच वर्सं नुसता खातोस नि झोपतोस. आज जरा कामाला लाग." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थांबा, बेगमला विचारतो. मांजर तिचा, मी नुसता ड्रायव्हर." फोनवर पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. शेवटी हनीफभाई म्हणाले, "हो म्हनते. पन सुलतानला काय झाला तर मला घरात घेनार नाय."

दोन्ही रक्तं जुळली. दुपारपर्यंत बिस्किटच्या हिरड्यांवर फिकट गुलाबी रंग आला. रक्त काढताना भूल दिलेल्या सुलतानने शुद्धीवर येताच आधी हनीफभाईंना ओरबाडलं. मी त्यांचे हात धरले तेव्हा ते म्हणाले, "खलास, भाऊ, खलास, झाला काम. तुमचा वाचन अर्धा राहिलाय ना? जा आता."

घरी दिवा जळत होता. सुनीताने पोथीवर स्वच्छ रुमाल घातला होता आणि शेजारी खुर्ची टाकून ती उपाशी बसून होती. मी अंघोळ करून उरलेलं वाचन पुरं केलं, पण मन खात होतं. संध्याकाळी आईला फोन लावला. आसन मोडलं, प्रायश्चित्त काय करू, असं विचारलं.

आई म्हणाली, "तू चार वर्षांचा असताना मी देवळात सप्ताह ऐकायला बसले होते. सहाव्या दिवशी तुला आकडी आल्याचा निरोप आला. तशीच उठले, पाठीवर घेऊन तालुक्याला पळाले."

"मग हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू दरवर्षी काहीतरी निमित्त काढून उठला असतास. तुला ओळखते मी. आणि मांजर कशी आहे? खाते का?"

तिच्या मोडलेल्या आसनामुळे मी जिवंत आहे, आणि हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं. गुरूंनी कुणाला, कधी, कोणाच्या हातून मदत पाठवली याचा हिशेब मी मांडत नाही. मी इतकी वर्षं आसन घट्ट धरून बसलो होतो, आणि त्यालाच शरण जाणं समजत होतो. ज्या दिवशी ते सुटलं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातात काहीच उरलं नाही. तेव्हा मदत आली, एवढंच मला ठाऊक आहे.

बिस्किट अजून आमच्याकडेच आहे. आजार तिच्या अंगात आहेच, आणि किती दिवस ते डॉक्टरही सांगत नाहीत. गोळ्या अजूनही बुटात सापडतात. पुढच्या आठवड्यात सप्ताह सुरू होतोय, म्हणून सुनीताने आसनाशेजारी एक जुनी चादर घडी करून ठेवली आहे. "तिथे बसव तिला, म्हणजे तुमची एक अंघोळ तरी वाचेल," असं ती सईला आणि मला एकदमच म्हणाली. मांजर अर्थातच चादरीवर बसणार नाही. संकल्पात काय मागायचं हे या वर्षी मी ठरवलेलं नाही. हातात पाणी घेईन, आणि काही न बोलता सोडेन.